कॅलिफोर्नियातली इन-स्टेट फी: ७५० डॉलर, सहा आठवडे आणि तीन वर्षं

कॅलिफोर्नियाच्या सरकारी कॉलेजात रहिवाशांची कमी फी, म्हणजे इन-स्टेट फी, मिळवायची तर एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहायचं, लायसन्स काढायचं, गाडीची नोंदणी बदलायची, राज्याचा टॅक्स रिटर्न भरायचा, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. एकदा नॉन-रेसिडेंट (राज्याबाहेरचे) म्हणून प्रवेश घेतला की मात्र खरी परीक्षा आर्थिक स्वावलंबनाची. कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) आणि कम्युनिटी कॉलेजं (दोन वर्षांची सरकारी कॉलेजं) चालू कॅलेंडर वर्ष आणि त्याआधीची तीन वर्षं तपासतात. यातल्या एकाही वर्षी आईवडिलांनी तुम्हाला टॅक्समध्ये डिपेंडंट (त्यांच्यावर अवलंबून) दाखवलेलं नको, त्यांच्याकडून ७५० डॉलरपेक्षा जास्त मदत नको आणि त्यांच्या घरी सहा आठवड्यांपेक्षा जास्त मुक्काम नको.

आता हे नीट मोजा. न्यू जर्सीत वाढलेली मुलगी ऑगस्ट २०२५ मध्ये कॅल स्टेटला आली. २०२५ बाद, कारण निम्म्याहून जास्त वर्ष घरीच गेलं. १ जानेवारी २०२६ पासून ती पूर्ण स्वतःच्या कमाईवर जगली, तरी २०२६, २०२७, २०२८ ही तीन स्वच्छ वर्षं पाठीशी येतात ती २०२९ उजाडल्यावर. म्हणजे पदवीचं शेवटचं सत्र! 'पहिलं वर्ष महागात काढ, मग फी उतरते' असं सांगणारे सीनियर बहुधा मास्टर्सवाले असतात. त्यांचं ऐकून कर्ज काढू नका.

वर्ष जानेवारी ते डिसेंबर मोजतात, शैक्षणिक नव्हे. उन्हाळ्याची सुट्टी घरी काढली की सहा आठवडे संपले. खोलीचं भाडं एकदा बाबांच्या कार्डावरून गेलं की ७५० संपले. २४ वर्षांखालच्या फुल-टाइम विद्यार्थ्याला डिपेंडंट दाखवता येत असल्यामुळे घरचा सीपीए (टॅक्स भरून देणारा अकाउंटंट) सवयीने तेच करतो; त्याला जानेवारीतच सांगून ठेवा.

तरी एखादं जुनं वर्ष बिघडलं म्हणून अर्जच करायचा नाही, असं नको. कम्युनिटी कॉलेजच्या नियमांत चालू आणि गेल्या वर्षीचं अवलंबित्व जास्त जड धरतात, त्याआधीचं कमी. आई किंवा वडील स्वतः कॅलिफोर्नियाचे रहिवासी असतील, किंवा दुसऱ्या राज्यातलं वास्तव्य चालू असल्याचा काहीच पुरावा नसेल, तर ही अडचण ओलांडता येते. यूसीचे (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे) नियम वेगळे आहेत, ते वेगळे वाचा. तिथे २०२५-२६ मध्ये नव्या नॉन-रेसिडेंट पदवी विद्यार्थ्यांना वर्षाला ३७,६०२ डॉलर जास्तीचे पडतात.

एच-४ वरच्या (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या) मुलांना रेसिडेन्सी मिळू शकते, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर मिळत नाही. म्हणून २१ पूर्ण होऊन एच-४ संपणार आणि एफ-१ घ्यावा लागणार असेल, तर फीचं अंदाजपत्रक आधीच बदला. आणि मतदार नोंदणी हा रेसिडेन्सीचा पुरावा म्हणून यादीत दिसला, तरी नागरिक नसाल तर तिकडे फिरकूसुद्धा नका. ग्रीन कार्ड असलं तरी नाही. डीएमव्हीच्या (लायसन्स देणाऱ्या खात्याच्या) फॉर्मवर तो प्रश्न येतो, घाईत टिक करू नका.

एक वर्ष आणि एक दिवस मागे मोजायचा तो ठरलेल्या तारखेपासून: कॅल स्टेटला फॉलसाठी २० सप्टेंबर, स्प्रिंगसाठी २५ जानेवारी, कम्युनिटी कॉलेजला सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून.