कोल्ड स्प्रेचे सिम्युलेशन: आधी वायू, मग कण

कोल्ड स्प्रे म्हणजे पृष्ठभागावर धातूचा थर चढवण्याची पद्धत; तिच्यात धातूची पूड वितळवत नाहीत. तापवलेल्या नायट्रोजनच्या किंवा हीलियमच्या स्वनातीत झोतात ती सोडली जाते आणि केवळ आदळण्याच्या जोरावर पृष्ठभागाला चिकटते. त्यामुळे सिम्युलेशनमधून मुख्यतः एकच गोष्ट काढायची असते, ती म्हणजे आदळतेवेळी कणाचा वेग आणि तापमान.

संगणक सुरू करण्यापूर्वी कागदावर हिशेब करावा. नोझलच्या थ्रोटचा (सर्वांत अरुंद भागाचा) व्यास 2.7 मिमी, निर्गमाचा (बाहेर पडण्याच्या तोंडाचा) 6.4 मिमी, नायट्रोजनचा दाब 3 मेगापास्कल आणि तापमान 800 केल्विन असेल, तर समएन्ट्रॉपी (घर्षण आणि उष्णतेची देवाणघेवाण नाही असे धरणाऱ्या) सूत्रांनुसार निर्गमाशी मॅक अंक (वेग आणि तेथील ध्वनिवेग यांचे गुणोत्तर) सुमारे 3.3, वायूचे तापमान सुमारे 250 केल्विन आणि वेग सेकंदाला सुमारे 1070 मीटर येतो. दर सेकंदाला साधारण 24 ग्रॅम वायू वाहतो. निर्गमाचा दाब वातावरणाच्या जेमतेम निम्मा असल्यामुळे बाहेरच्या झोतात शॉकची (दाब एकदम वाढवणाऱ्या आघात-तरंगांची) साखळी दिसणे अपेक्षितच आहे. ती मेशची (हिशेबासाठी जागेचे तुकडे पाडणाऱ्या जाळ्याची) चूक समजून पुसून टाकू नये. नोझलच्या अक्षावरील आकडे मात्र या हिशेबापासून फार दूर गेले, तर चूक बहुधा सीमा-अटींत, म्हणजे मेशच्या कडांवर दिलेल्या मूल्यांत असते. प्रवेशाशी वेग न देता एकूण दाब आणि एकूण तापमान (वायू थांबवला तर जे असतील ते) द्यावे, येथे गफलत फार होते.

गोल नोझलसाठी अक्षसममित द्विमितीय मेश पुरते. आयताकृती निर्गम असेल तर त्रिमितीय मेशला पर्याय नाही. मेशमध्ये नोझलच्या बाहेरची हवा आणि सुमारे 30 मिमीवरील पृष्ठभाग दोन्ही घ्यावेत, आणि भिंतीलगत व पृष्ठभागासमोर मेश बारीक करावी. दाबक्षम (घनता बदलणाऱ्या) प्रवाहाचा सॉल्व्हर, आदर्श वायू आणि के-एप्सिलॉन कुळातील एखादे टर्ब्युलन्स (खळबळीच्या प्रवाहाचे) मॉडेल घेऊन आधी ढोबळ अशा प्रथम-क्रमाच्या गणिती पद्धतीने स्थिर उत्तर मिळवावे, मग अधिक अचूक द्वितीय-क्रमावर जावे.

मिनिटाला 30 ग्रॅम पूड म्हणजे वायूच्या वस्तुमानाच्या जेमतेम 2 टक्के, म्हणून कणांचा वायूवरील परिणाम सोडून दिला तरी चालते. ड्रॅगच्या (वायू कणाला जो जोर लावतो त्याच्या) सूत्राबाबत मात्र सवलत घेऊ नये. कण थ्रोटमधून जाताना वायूपेक्षा बराच मंद असतो आणि त्यापुढे त्यांच्यातील सापेक्ष मॅक अंक 1 च्याही पुढे जाऊ शकतो. म्हणून दाबक्षमता विचारात घेणारे, हेंडरसन यांच्यासारखे सूत्र वापरावे.

5, 10, 20 आणि 45 मायक्रॉनचे कण वेगवेगळे सोडून पाहावेत. पृष्ठभागाच्या तोंडाशी बसलेल्या धनुष्याकार शॉकमागे वायू एकदम मंदावतो, आणि 5 मायक्रॉनचा हलका कण तेथेच वेग गमावतो किंवा बाजूला वळतो. 45 मायक्रॉनच्या कणाला शॉकची फारशी पर्वा नसते, पण नोझलमध्ये त्याने पुरेसा वेगच घेतलेला नसतो. तांब्याच्या पुडीसाठी चिकटण्याचा क्रांतिक (किमान लागणारा) वेग सेकंदाला साधारण 500 ते 600 मीटरच्या घरात असतो. कणाचा आकार, तापमान आणि ऑक्सिजनचे प्रमाण यांनुसार तो बदलतो. आपल्या आलेखावर ही रेघ मारून कोणत्या आकाराचे कण तिच्या वर राहतात ते पाहावे, आणि त्यांचा वाटा कणसंख्येने न मोजता वस्तुमानाने मोजावा.