प्रोपेलर बदललात? उडवण्याआधी करंट मोजा

रिमोटवर उडणाऱ्या इलेक्ट्रिक मॉडेल विमानात मोटर तीच, बॅटरी तीच, फक्त ९×६ च्या जागी १०×६ प्रोपेलर लावला (पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, म्हणजे एका फेऱ्यात प्रोपेलर तत्त्वतः पुढे सरकतो ते अंतर, दोन्ही इंचांत), तरी तेवढ्याच आरपीएमला मोटरवरचा भार सुमारे दीडपट होतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. प्रत्यक्षात आरपीएम थोडा उतरतो, पण करंट चांगलाच चढतो आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) तापून हवेतच बंद पडू शकतो.

म्हणून बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये वॉटमीटर (करंट आणि वॉट दाखवणारा मीटर) जोडा. विमान घट्ट बांधा आणि मागे उभे राहा. प्रोपेलरच्या पुढे किंवा बाजूला कुणीही नको, ही गोष्ट अजिबात सैल सोडू नका. बॅटरी पूर्ण चार्ज हवी (३ सेलची लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी असेल तर १२.६ व्होल्ट). अर्धवट बॅटरीवर आकडा कमी दिसतो आणि फसवतो. फुल थ्रॉटल ५ सेकंदच द्या.

३० अँपिअरच्या ईएससीवर २४-२५ अँपिअरच्या वर गेलात तर व्यास १ इंचाने कमी करा किंवा पिच घटवा. सावकाश उडणाऱ्या ट्रेनरला कमी पिचच जास्त मानवतो. त्याला वजनाच्या दर किलोमागे १५०-२०० वॉट पुरतात.