जुनी मोटो गुझी सांभाळताना या चुका टाळा

इटलीत कोमो सरोवराच्या काठी मांदेल्लो देल लारिओ नावाचे गाव आहे. मोटो गुझी या मोटरसायकल कंपनीचा कारखाना 1921 पासून तेथे आहे. जुलिओ चेझारे कार्कानो यांनी आखलेले, 90 अंशांत दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना काढलेले इंजिन 1967 च्या व्ही 7 मध्ये आले. पुढे लिनो तोंती यांनी 1971 च्या व्ही 7 स्पोर्टसाठी सरळ नळ्यांची बुटकी चॅसी बांधली, आणि 850 टी 3, 850 ले मान्स, एसपी 1000 ही सगळी मंडळी त्याच घराण्यात जन्माला आली. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी माणसाच्या हाती जुनी इटालियन मोटरसायकल लागण्याची वेळ येते, तेव्हा डुकाटीच्या तुलनेत उघडायला सोपी आणि चेनची कटकट नसलेली म्हणून पुष्कळदा यांपैकीच एखादी लागते.

या गाड्यांच्या नावावर जमा झालेल्या तक्रारींपैकी बहुतेक कारखान्याच्या नसून नंतरच्या मालकांच्या आणि मेकॅनिकांच्या आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जे बिघडलेले नाही ते उघडले जाते आणि ज्याकडे पाहायला हवे ते किरकोळ म्हणून सोडले जाते. याला एक ठळक अपवाद आहे, आणि तो खरेदीच्या आधीच समजून घ्यायला हवा.

सिलिंडर न पाहता सौदा करणे

सत्तरच्या दशकातील या इंजिनांच्या ॲल्युमिनियम सिलिंडरांना आतून कठीण क्रोमचा मुलामा दिलेला असे. नवा असताना तो उत्तम काम देतो. पण वय झाल्यावर, आणि विशेषतः गाडी वर्षानुवर्षे दमट जागेत उभी राहिल्यास, तो पापुद्र्यांसारखा सुटू लागतो. सुटलेले क्रोम तेलात मिसळते आणि तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत पोहोचते. व्ही 7 स्पोर्ट आणि 850 टी यांसारख्या गाड्यांत कागदी फिल्टरच नाही, तेथे तेलाच्या वाटेत फक्त तारेची जाळी आहे. त्यामुळे क्रोमचा बारीक चुरा अडवणारे काहीही उरत नाही.

येथे दोन चुका होतात. पहिली म्हणजे गाडी आवाजाला गोड आहे आणि धूर मारत नाही एवढ्यावर समाधान मानणे. क्रोम सुटायला लागलेले इंजिन पुष्कळ दिवस व्यवस्थित चालते, कॉम्प्रेशनही बऱ्यापैकी दाखवते. दुसरी चूक अधिक फसवी आहे: ड्रेन प्लगच्या चुंबकावर काही चिकटलेले नाही म्हणून आत सारे ठीक आहे असे मानणे. क्रोम चुंबकाला चिकटत नाही. स्पार्क प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घालून सिलिंडरच्या भिंती पाहाव्यात. मालक तयार असेल तर ऑईल पॅन उतरवून जाळी तपासावी आणि पॅनच्या तळाशी बसलेला गाळ बोटाने पुसून उन्हात धरावा. त्यात चपटे, आरशासारखे चमकणारे कण दिसले तर ते कशाचे आहेत याबद्दल शंका ठेवण्याचे कारण नाही.

असे सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन घालू, ही बुलेटवर वाढलेल्या माणसाची स्वाभाविक कल्पना येथे चालत नाही. क्रोम बोअर करता येत नाही आणि होन करून, म्हणजे आतून बारीक घासून, सुधारतही नाही. निकॅसिलचा, म्हणजे निकेल आणि सिलिकॉन कार्बाइड यांचा, मुलामा असलेले नवे सिलिंडर आणि त्यांच्याच मापाचे पिस्टन असा जोड बसवणे हा सरळ मार्ग आहे. मांदेल्लोतलीच जिलार्दोनी ही कंपनी असे जोड बनवते. लोखंडी स्लीव्ह घालणे हा दुसरा मार्ग आहे, मात्र ते काम नेहमी करणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावे. कोणताही मार्ग घेतला तरी हा खर्च गाडीच्या किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत. ले मान्सच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. तिची किंमत टी 3 पेक्षा बरीच जास्त असल्याने टी 3 ला ले मान्सचा साज चढवून विकण्याचे प्रकार जुने आहेत, म्हणून चॅसी आणि इंजिनाचे क्रमांक कागदांशी ताडून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

ऑईल पॅनमधला फिल्टर एकटा सोडणे

टी 3 पासून पुढच्या गाड्यांत कार्ट्रिज फिल्टर आला, पण तो ऑईल पॅनच्या आत बसवलेला आहे. म्हणजे फिल्टर बदलायचा तर पॅनचे सगळे ॲलन बोल्ट काढून पॅन उतरवणे आले. या कटकटीमुळे अनेक मालक तेल बदलतात आणि फिल्टर पुढच्या वेळेवर ढकलतात. त्याहून वाईट म्हणजे कंपनांमुळे हा फिल्टर हळूहळू सैल होऊ शकतो, आणि आत असल्याने बाहेरून काहीच कळत नाही; कळते ते तेलाचा दाब गेल्यावर. जुने गुझीवाले यावर एक साधा उपाय करतात. फिल्टर बसवून झाल्यावर त्याच्याभोवती मोठी होज क्लिप आवळतात आणि तिचा स्क्रू अशा जागी ठेवतात, की फिल्टर फिरू लागलाच तर क्लिप पॅनच्या आतल्या भागाला अडेल. एवढ्याशा पट्टीवर इंजिनाचे आयुष्य टिकून राहते, म्हणून ती टाळू नये.

पॅन परत चढवताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. बोल्ट सहा मिलिमीटरचे आहेत आणि आटे ॲल्युमिनियममध्ये आहेत. तेल गळू नये म्हणून लांब पान्याने जोर लावणाऱ्यांनी आजवर किती आटे घालवले असतील याची गणती नाही. गॅस्केटच्या दोन्ही बाजू स्वच्छ करून, बोल्ट समोरासमोर क्रमाने, साधारण 10 न्यूटन-मीटरपर्यंत आवळले की पुरते. त्यानंतरही गळत असेल तर दोष बहुधा वाकलेल्या पृष्ठभागाचा किंवा गॅस्केटचा असतो. आणखी आवळून तो जात नाही.

गळतीचा विषय निघालाच आहे तर, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याखाली तेलाचा थेंब दिसताच क्रँकचे मागचे सील गेले असा निष्कर्ष काढून गाडी अर्धी मोकळी करू नये. त्या जागी तेल दोन ठिकाणांहून येऊ शकते, क्रँकच्या सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलमधून. थेंब बोटावर घेऊन वास घ्यावा. गिअर ऑईलला गंधकाचा उग्र दर्प असतो, इंजिन ऑईलला तो नसतो. क्लच कोरडा असल्यामुळे यांपैकी कोणतेही तेल त्याच्या प्लेटवर गेले तर क्लच घसरू लागतो, म्हणून दुरुस्ती फार लांबवूही नये.

चार्जिंग बंद पडले की बॅटरीवर राग काढणे

जुन्या इटालियन गाड्यांच्या वायरिंगबद्दल जे बोलले जाते ते येथे निम्मेच खरे आहे, कारण क्रँकच्या पुढच्या टोकावर बसलेला, वीज तयार करणारा अल्टरनेटर जर्मन बॉशचा आहे. त्याची क्षमता टी 3 च्या काळात 280 वॅट होती आणि इंजिन संथ चालत असताना तो फारसे काही देत नाही. शहरात सिग्नलवर उभ्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा मंद लुकलुकला तर घाबरायचे कारण नाही. गती वाढल्यावरही तो विझत नसेल तर मात्र शोध सुरू करावा.

शोधाची सुरुवात त्या लाल दिव्यापासूनच करावी. अल्टरनेटरच्या फिरणाऱ्या भागाला, म्हणजे रोटरला, सुरुवातीचा प्रवाह या दिव्यातूनच मिळतो. बल्ब उडालेला असेल तर रोटर चुंबकित होत नाही आणि अल्टरनेटर, रेग्युलेटर, डायोड असे सगळे धडधाकट असूनही बॅटरी उतरत जाते. किल्ली फिरवल्यावर, इंजिन बंद असताना, हा दिवा लागलाच पाहिजे. हल्ली हौसेने मीटरमधले सगळे बल्ब बदलून एलईडी बसवतात, आणि त्यातून पुरेसा प्रवाह जात नसल्याने नेमका हाच दोष विकत घेतला जातो. बाकी ठिकाणी एलईडी खुशाल बसवावे, या एका जागी जुन्याच वॅटेजचा साधा बल्ब ठेवावा.

बल्ब ठीक असूनही दिवा लागत नसेल तर पुढचे कव्हर काढून ब्रश पाहावेत आणि मल्टिमीटरचे दोन्ही टोक रोटरच्या दोन तांब्याच्या कड्यांवर टेकवावे. थोडेसे ओहम दिसले तर वाइंडिंग शाबूत आहे. काहीच दिसले नाही तर तार तुटलेली आहे. कड्या आणि रोटरचे लोखंड यांच्यात मात्र संपर्क मुळीच दिसता कामा नये. या रोटरची एक खोड अशी की थंड आणि स्थिर असताना तो मापात उतरतो, पण गरम होऊन वेगाने फिरू लागला की तुटलेली तार अलग होते. त्यामुळे बाकी सर्व तपासूनही चार्जिंग मिळत नसेल तर संशय पुन्हा रोटरवरच घ्यावा.

तो काढताना हातोडी आणि पुलर यांपासून दूर राहावे. रोटर निमुळत्या टोकावर बसलेला असतो. मधला बोल्ट काढून त्या भोकात योग्य लांबीची, कडक पोलादाची सळई सोडायची आणि बोल्ट परत आवळायचा, म्हणजे सळईच्या रेट्याने रोटर सुटून येतो. घरातला एखादा मऊ खिळा किंवा कापलेला साधा बोल्ट सळई म्हणून वापरला तर तो आत दबून फुगतो आणि क्रँकच्या टोकात अडकून बसतो. मग तो काढण्याचा खर्च रोटरच्या किमतीला मागे टाकतो.

बटण दाबल्यावर नुसते ‘टक्’ होऊन स्टार्टर फिरत नसेल, तेव्हाही नवी बॅटरी आणण्याआधी सॉलेनॉइडच्या, म्हणजे स्टार्टरला जोडणाऱ्या विद्युत स्विचच्या, बारीक तारेवर, बटण दाबलेले असताना, किती व्होल्ट पोहोचतात ते मोजावे. जुन्या इग्निशन स्विचच्या झिजलेल्या संपर्कांत बरेच व्होल्ट वाटेतच गळतात. स्विच साफ करून मध्ये एक रिले बसवली की हा त्रास सहसा संपतो.

उलट्या क्रमाने ट्यूनिंग करणे

गाडी मिसिंग करते, स्लो नीट लागत नाही, एक सिलिंडर दुसऱ्यापेक्षा जास्त तापतो, अशी तक्रार आली की हात आधी कार्ब्युरेटरकडे जातो. तो शेवटी जायला हवा. पहिल्यांदा इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी राहणारे, अंतर घ्यावे. टी 3 आणि ले मान्सला इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीकडे 0.22 मिलिमीटर लागते. सिलिंडर बाहेर काढलेले असल्याने हे काम टाकी न उतरवता होते, इतकी सोय फार थोड्या इंजिनांत आहे. त्यानंतर पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारे उघडझाप करणारे संपर्क. मारेल्ली डिस्ट्रिब्युटरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पॉइंट आहे आणि फ्लायव्हीलवर डी ही खूण उजव्या सिलिंडरची, एस ही डाव्या सिलिंडरची आहे. एका बाजूचे टायमिंग लावून दुसरी आपोआप जुळेल असे समजणे, किंवा खुणांची अदलाबदल करणे, हे या गाड्यांवर नेहमी आढळते, आणि अशी गाडी चालते खरी, पण कण्हत चालते.

एवढे झाल्यावरच देल्लोर्तो कार्ब्युरेटर उघडावेत, टी 3 चे 30 मिलिमीटरचे असोत की ले मान्सचे 36 चे. जेट बदलण्यापूर्वी चोकच्या प्लंजरखालचे रबर पाहावे. ते कडक झाले किंवा चोकच्या केबलला थोडीही ढील उरली नाही, तर प्लंजर पूर्ण बसत नाही आणि त्या बाजूला कायम जास्त पेट्रोल जात राहते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून साधे पेट्रोल म्हणजे 10 टक्के इथेनॉलचे आले, त्यानंतर जुन्या रबरांचा त्रास अधिक जाणवू लागला. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावेत.

हिवाळ्यात उभ्या गाडीला आठवड्यातून एकदा पाच-दहा मिनिटे स्टार्ट करून ठेवण्याची आपली लाडकी सवयही सोडावी. तेवढ्यात तेल पुरेसे तापत नाही, आतला दमटपणा तेलात उतरतो आणि क्रोमच्या सिलिंडरांना तर तो मुळीच मानवत नाही.

जोडलेले ब्रेक तोडणे

टी 3 पासून पायाचा ब्रेक मागची डिस्क आणि पुढची डावी डिस्क एकत्र दाबतो, तर हाताच्या लिव्हरवर फक्त पुढची उजवी डिस्क असते. नव्याने बसणाऱ्याला हाताचा ब्रेक अशक्त वाटतो आणि तो दोन्ही पुढच्या डिस्क हाताकडे वळवून घेतो. मूळ मास्टर सिलिंडर एकाच कॅलिपरच्या मापाचा असल्याने लिव्हर मग मुठीपर्यंत येतो. बदल करायचाच असेल तर मास्टर सिलिंडरही मोठा घ्यावा. माझ्या मते मात्र निदान पहिला उन्हाळा मूळ रचनेवर चालवून पाहावे, कारण ओल्या रस्त्यावर तिच्याइतकी शांतपणे थांबणारी त्या काळातील दुसरी गाडी सापडणे कठीण आहे. पायाचा ब्रेक स्पंजासारखा लागत असेल तर हवा बहुधा स्टिअरिंगजवळ अडकलेली असते, कारण पुढच्या कॅलिपरकडे जाणारा पाइप तेथे सर्वांत उंच चढून खाली उतरतो.

चालवण्याच्या सवयी

क्रँक लांबीच्या दिशेने असल्यामुळे उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर पिळला की ती एका बाजूला झुकते. हा दोष नव्हे. क्लच दाबल्यावर येणारा खडखडाट कोरड्या क्लचचा आहे, तोही दोष नव्हे. जड फ्लायव्हीलमुळे गिअर घाईने टाकता येत नाहीत, क्षणभर थांबून पायाने ठाम दाब दिला तर ते निमूट पडतात. खरी खबरदारी वळणात घ्यायची असते. मागचे चाक चेनऐवजी शाफ्टने फिरते, आणि त्या शाफ्टच्या जोरामुळे ॲक्सिलरेटर दिल्यावर गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो आणि सोडल्यावर खाली बसतो. वळणात मध्येच घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला, तर सायलेन्सर आणि स्टँड रस्त्याला घासण्याची भीती असते. म्हणून वेग वळणाच्या आधीच कमी करावा आणि आत हलका ॲक्सिलरेटर धरून ठेवावा.

साइड स्टँडबद्दल एवढेच सांगतो, की तो स्प्रिंगच्या जोराने आपोआप मिटतो. गाडी किंचित पुढे सरकली तरी तो निघून जातो आणि सव्वादोनशे किलोंचे धूड बाजूच्या गाडीवर आडवे होते. पेट्रोल पंपावरसुद्धा मधलाच स्टँड लावावा.