जुनी गाडी देऊन ईव्ही घ्यायची, तर नागपुरात दोन-तीन गाड्यांची तुलना कशी करायची

पेट्रोलची गाडी आठ-दहा वर्षं जुनी झाली, घरात ईव्हीच घ्यायचं ठरलं आणि यादीत तीन नावं उरली की खरी पंचाईत तिथून सुरू होते. प्रत्येक शोरूमवाला आपलीच गाडी बेस्ट म्हणतो, यूट्यूबवरचे पोट्टे दिल्ली-बंगलोरच्या हवेत टेस्ट करून मोकळे होतात, आणि आपल्याला तर गाडी मे महिन्यात वर्धा रोडवर चालवायची असते. म्हणून ही तुलना आपल्या गावच्या हिशोबाने कशी करायची ते सविस्तर लिहितोय. उदाहरणाला टाटाची नेक्सॉन ईव्ही 45, एमजीची विंडसर प्रो आणि ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक घेतो कारण सध्या बहुतेकांच्या यादीत हीच नावं दिसतात, पण पद्धत कुठल्याही गाडीला चालेल.

सगळ्यात आधी ब्रोशरमधली रेंज बाजूला ठेवा. तो आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो, एसी बंद, वेग नव्वदच्या आत. आता बघा, नेक्सॉन 45 ची बॅटरी 45 किलोवॅट-तासांची आणि रेंज लिहिलीय 489 किमी, क्रेटाची मोठी बॅटरी 51.4 ची आणि लाँचच्या वेळी लिहिलेली रेंज 473, विंडसर प्रोची बॅटरी 52.9 ची म्हणजे तिघींत सगळ्यात मोठी आणि रेंज मात्र सगळ्यात कमी, 449. नुसती रेंज बघून ठरवलं तर माणूस सगळ्यात छोटी बॅटरी सगळ्यात लांब जाते असं समजून घरी येतो. टाटाने तर नेक्सॉनसाठी स्वतःच प्रत्यक्ष वापरातली रेंज 350 ते 370 अशी वेगळी सांगितलीय, ती जास्त उपयोगाची.

एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या लाईट बिलातलं एक युनिट. त्यामुळे बॅटरी किती युनिटांची हे बघा आणि एका युनिटात गाडी किती किमी जाते त्याने गुणा. या साईजच्या गाड्यांना मी एसी लावून गावातल्या गावात साडेसहा धरतो, हायवेला शंभरच्या वेगाने साडेपाच, आणि समृद्धीवर 120 ने दामटायची असेल तर साडेचारच. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून शंभर आणि एकशेवीस यात जो फरक पडतो तो पेट्रोलच्या गाडीत आपल्याला कधी एवढा जाणवलेला नसतो. या हिशोबाने हायवेला नेक्सॉन साधारण 250, क्रेटा 280, विंडसर प्रो 290. आणि पूर्ण शंभर टक्के ते शून्य कोणी चालवत नाही, दहा टक्के तरी खाली ठेवावेच लागतात, तेही वजा करा.

आता हे आकडे आपल्या रस्त्यांवर ठेवून बघा. मनीष नगर ते हिंगणा एमआयडीसी रोज जाणं-येणं असेल तर तिन्ही गाड्या सारख्याच, रेंजसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. रामटेक, वर्धा, पेंच, तिन्ही गाड्यांत घरच्या चार्जिंगवर आरामात होतात. पण सासर अमरावतीला असेल, जाऊन-येऊन तीनशेच्या आसपास, तर तिथे पोहोचल्यावर कुठेतरी चार्जर लावावा लागणारच, मग फरक एवढाच की कोणत्या गाडीला पंधरा-वीस मिनिटांत भागतं आणि कोणत्या गाडीला पाऊण तास लागतो. चिखलदऱ्याला जाताना शेवटचा टप्पा घाटाचा, चढावर बॅटरी डोळ्यासमोर उतरते, तिथे 45 वाली गाडी असेल तर परतवाड्याला पोहोचायच्या आधीच कुठे चार्ज करायचं ते ठरलेलं पाहिजे. म्हणून एक कागद घ्या, गेल्या वर्षभरात गाडी गावाबाहेर कुठे-कुठे गेली ते आठवून लिहा, आणि वर्षातून दोनदाच पुण्याला जाणार असाल तर त्या दोन ट्रिपांसाठी तीन-चार लाख जास्त टाकायचे का याचा नीट विचार करा. माझं स्पष्ट मत, नका टाकू.

चार्जिंगच्या वेगात पण असाच घोळ असतो. शोरूममध्ये सांगतात वीस मिनिटांत ऐंशी टक्के. महिंद्राच्या बीई 6 च्या 79 वाल्या बॅटरीला 175 किलोवॅटच्या चार्जरवर वीस ते ऐंशी टक्के वीस मिनिटांत होतं हे कंपनीचं म्हणणं बरोबरच आहे, पण त्या ताकदीचा चार्जर तुमच्या रस्त्यावर आहे का? रस्त्यावरचे बरेच चार्जर 30 किंवा 60 किलोवॅटचे, आणि 60 वाल्याला दोन गन (गाडीला लावायचे चार्जिंगचे प्लग) असतील आणि बाजूला दुसरी गाडी लागली तर दोघांना निम्मं-निम्मं मिळतं. तेव्हा गाडी जास्तीत जास्त किती घेते यापेक्षा तुमच्या नेहमीच्या रूटवरचे चार्जर किती देतात ते चार्जर शोधायच्या ॲपमध्ये उघडून बघा, तिथे चार्ज करून गेलेल्या लोकांनी टाकलेले ताजे चेक-इन वाचा, बंद पडलेला चार्जर तिथे लगेच कळतो.

नागपूरचं ऊन हा मुद्दा वेगळाच काढावा लागतो, कारण तुलनेत हाच सगळ्यात कमी बघितला जातो. बॅटरीच्या आतलं रसायन विचारा. नेक्सॉन, विंडसर, बीई 6 यांच्यात एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) आहे, क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट). एलएफपी उष्णता जास्त सहन करते, जास्त चार्ज सायकल टिकते आणि ती अधूनमधून शंभर टक्के भरलेली चालते, उलट भरावीच लागते म्हणजे टक्क्यांचा आकडा बरोबर दाखवते. एनएमसी वजनाच्या मानाने जास्त ऊर्जा साठवते, पण रोजच्या वापरात तिला ऐंशीपर्यंतच ठेवलेलं बरं आणि फुल चार्ज करून दिवसभर उन्हात उभी करणं टाळावं. याचा अर्थ क्रेटा वाईट असा मुळीच नाही, लिक्विड कूलिंग आहे तिला, पण ज्याच्याकडे सावलीचं पार्किंग नाही, ऑफिसात गाडी दिवसभर उघड्यावर तापते, त्याने या मुद्द्याला जास्त वजन द्यावं. ज्याचं पार्किंग बेसमेंटमध्ये आहे त्याने सोडून द्यावा.

टेस्ट ड्राईव्ह सकाळी अकराला घेऊ नका. दुपारी दोन-अडीचला जा, शक्यतो एप्रिल-मेमध्ये, आणि सांगा की गाडी उन्हातच उभी ठेवा. बसल्या-बसल्या ट्रिप मीटर शून्य करा, एसी 24 वर, घरच्या तीन-चार माणसांना घेऊनच जा, आणि मागे बसलेल्याला विचारा की पाय-गुडघ्यापर्यंत गार हवा यायला किती मिनिटं लागली. काचेचं छत असेल तर पडदा बंद करून हात वर नेऊन बघा, तापलेली काच डोक्यावर कशी लागते ते तिथेच कळेल आणि आपली आजी तिथे तासभर बसू शकेल का तेही. मग वर्धा रोडला विमानतळाच्या पुढे थोडी मोकळी चालवा, परत या, आणि स्क्रीनवर एका किमीला किती वॅट-तास खर्च झाले त्याचा मोबाईलमध्ये फोटो काढा. हजारला त्या आकड्याने भागलं की एका युनिटात किती किमी ते निघतं, 160 आला तर सव्वासहा, 200 आला तर पाच. तिन्ही गाड्या त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला, जवळजवळ त्याच वेगाने. एवढं केलं तरी तुमच्याकडे कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा चांगला डेटा तयार होतो कारण तो तुमचा आहे.

आता पैसे. एक्स-शोरूम किमतीची तुलना करून काही कळत नाही, प्रत्येकाकडून ऑन-रोडचं कोटेशन लेखी घ्या आणि त्यात इन्शुरन्स, वॉलबॉक्स (घरच्या भिंतीवरचा चार्जर) आणि तो बसवायचा खर्च, एक्स्टेंडेड वॉरंटी हे वेगवेगळं लिहून मागा. ईव्हीवर जीएसटी 5 टक्के आहे आणि तो या तिघींना सारखाच, त्यामुळे तो सूट म्हणून कोणी सांगत असेल तर ऐकून सोडून द्या. लोनच्या व्याजावर आयकराच्या कलम 80ईईबीखाली दीड लाखाची वजावट मिळायची ती 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या लोनपुरतीच होती, अजूनही काही सेल्सवाले ती हिशोबात धरून दाखवतात. समृद्धीवरच्या टोलमाफीचंही तसंच, 2025 च्या राज्याच्या ईव्ही धोरणात ती आहे पण सगळ्याच ईव्ही कारना आहे, पेट्रोल सोडायचं का हे ठरवताना धरा, तिघींतली कोणती घ्यायची हे ठरवताना नको.

विंडसर बॅटरी भाड्याच्या स्कीममध्ये मिळते म्हणून एकदम स्वस्त वाटते. लाँचच्या वेळी बॅटरीशिवाय 9.99 लाख आणि वर किमीला साडेतीन रुपये असा हिशोब होता. साडेतीनमध्ये विजेचे दीड-पावणेदोन मिळवा, किमीला पाच-सव्वापाच झालं. अशा स्कीममध्ये महिन्याला किमान किती किमीचे पैसे द्यावेच लागतात, मुदत संपल्यावर बॅटरी कोणाची, मधेच गाडी विकली तर काय, हे करारात वाचल्याशिवाय सही करू नका. ज्याची गाडी महिन्याला सहाशे-सातशेच चालते त्याला ही स्कीम बहुतेक महागच पडते.

घरच्या विजेचा दर काढताना लोक बिलाची सरासरी काढतात, ते चुकतं. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर-एसीने बिल आधीच वरच्या स्लॅबला गेलेलं असतं, आणि गाडी महिन्याला हजार किमी चालली की दीडशेच्या वर युनिटं वाढणार, ती सगळी त्या वरच्या स्लॅबमध्ये पडणार. म्हणून महावितरणचं मे महिन्याचं बिल काढा, शेवटच्या स्लॅबचा दर बघा आणि तोच गाडीला लावा, वाटलं तर ईव्हीसाठी वेगळ्या मीटरची चौकशी करा. छतावर सोलर असेल किंवा केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत बसवायचा विचार असेल, 3 किलोवॅटला 78,000 सबसिडी आहे, तर हे गणित पूर्ण बदलतं आणि मग मोठी बॅटरी पण परवडायला लागते.

आणि अर्थिंग! हे कोणीच सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो, आणि चार्जर अर्थ फॉल्ट दाखवून चार्जिंगच घेत नाही. लोक गाडीला दोष देतात, सर्व्हिस सेंटरच्या चकरा मारतात. बुकिंगच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांगा, दोन-तीन व्होल्टच्या आत असलं तर ठीक, जास्त असेल तर नवा खड्डा करून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत राहा. सोबत मंजूर लोड किती आहे ते बघा, 7.2 किलोवॅटचा वॉलबॉक्स लावायचा तर जुन्या घरातला लोड कमी पडतो. फ्लॅट असेल तर सोसायटीची एनओसी लेखी हातात आल्यावरच टोकन द्या, सेक्रेटरी "हो हो, करून टाकू" म्हणाले यावर जाऊ नका.

वॉरंटीत "लाईफटाईम" शब्द दिसला की नियम वाचा. टाटा, महिंद्रा, एमजी यांनी काही मॉडेलवर जी लाईफटाईम बॅटरी वॉरंटी दिलीय ती पहिल्या मालकापुरती आहे, गाडी विकली की पुढच्याला मर्यादित वर्षांची आणि किमीची मिळते. तुम्ही गाडी बारा वर्षं ठेवणारे असाल तर हा मुद्दा सोन्यासारखा, पाच वर्षांत बदलणारे असाल तर त्याचा उपयोग फारसा नाही, तेव्हा रिसेल जास्त बघा.

सर्व्हिस सेंटरला एकदा शनिवारी सकाळी जाऊन उभे राहा. ईव्हीचं काम येणारे टेक्निशियन किती, बॅटरीचं काम इथेच होतं की गाडी बाहेरगावी पाठवावी लागते, पार्टला किती दिवस, हे काउंटरवर न विचारता गाडी घ्यायला आलेल्या मालकांना विचारा, ते खरं सांगतात. स्टेपनी आहे का तेही डिक्की उघडून स्वतः बघा, कित्येक ईव्हींत नुसता पंक्चर किट असतो आणि चंद्रपूर रोडला रात्री टायर फाटला तर किट काही कामाचा नाही.

पाण्याचं पण बघा. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन अंबाझरी लेआउटकडे घरात-पार्किंगमध्ये पाणी शिरलं, ते नागपूरकर विसरले नसतील. बॅटरीला आयपी67 हे पाणी-धूळ रोखण्याचं रेटिंग असतं म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकल्याची टेस्ट, रात्रभर बुडून राहायची हमी नव्हे. नाल्याजवळ किंवा बेसमेंटला पार्किंग असेल तर इन्शुरन्समध्ये झिरो डेपसोबत (पार्टचा घसारा न कापता भरपाई) बॅटरी आणि चार्जरचं कव्हर घ्याच, आणि त्याचा प्रीमियम तिन्ही गाड्यांचा वेगवेगळा मागवा, फरक बराच निघतो.

जुन्या गाडीचा भाव शोरूममध्ये एक्स्चेंज बोनस मिळवून सांगतात, त्यामुळे नवीवर डिस्काउंट किती आणि जुनीची किंमत किती हे कळतच नाही. आधी बाहेर दोन ठिकाणी भाव काढून घ्या, मग शोरूमला म्हणा की जुनी गाडी देत नाही, नवीची शेवटची किंमत सांगा, आणि ती लिहून घेतल्यावर जुनीचा विषय काढा.

हे सगळं झाल्यावर गाडी पसंत पडली की रजिस्ट्रेशनच्या आधी यार्डात जाऊन तीच गाडी दाखवा म्हणावं, चेसिस नंबरवरून बनल्याचा महिना बघायचा, कारण सहा-आठ महिने उन्हात उभी राहिलेली ईव्ही आपल्याला नको. तिथेच एकदा एसी गन (घरच्यासारखा हळू चार्जर) लावून आणि एकदा डीसी गन (रस्त्यावरचा फास्ट चार्जर) लावून दहा-दहा मिनिटं चार्जिंग घेऊन बघायचं, दोन्ही नीट चाललं की मगच उरलेले पैसे द्यायचे.