सरासरी चाल काढताना या चुका टाळा

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत भल्याभल्यांना पाडणारं एक गणित आहे. पुण्याहून सिंहगडाला जाताना ताशी २० किमी, येताना ताशी ३०. सरासरी चाल किती? घाईत २५ वर खूण होते. पर्यायांत २५ मुद्दाम ठेवलेलंच असतं म्हणा.

अंतर ३० किमी धरा. जायला दीड तास, यायला एक. ६० किमीला अडीच तास, म्हणजे ताशी २४. हळू जाण्यात वेळ जास्त गेला, म्हणून सरासरी २० कडे झुकली. अंतर १० धरा नाहीतर १००, उत्तर २४च. २५ तेव्हाच, जेव्हा दोन्ही चालींनी सारखाच वेळ गाडी चालवली असेल. अर्धा रस्ता आणि अर्धा वेळ, इथेच गल्लत होते.

याचा खट भाऊ: जाताना २० पडले, एकूण सरासरी ४० हवी, तर येताना किती? ६० म्हणाल, तर फसलात. ताशी ४० ने ६० किमीला दीडच तास मिळतो, आणि तो तर जातानाच संपला!

गडावर पिठलं-भाकरीत तास गेला तर? प्रश्नात थांबा दिला असेल तर तोही धरायचा. मग ६० भागिले साडेतीन, जेमतेम १७.

घड्याळाची चूक जास्त चोरटी. डेक्कन क्वीन सकाळी ७:१५ ला पुणे सोडते, १०:२५ ला सीएसएमटीला पोचते. अंतर १९२ किमी. ३ तास १० मिनिटांचे ३.१० केले की ताशी ६१.९ येतात. १० मिनिटं म्हणजे सुमारे ०.१७ तास, खरं उत्तर ६०.६. इथे थोडक्यात निभावतं, पण ३ तास ५० मिनिटांना ३.५० लिहिलंत तर वीस मिनिटं गिळलीत.

मीटर-सेकंदाचे किमी-तास करताना १८/५ ने गुणायचं की ५/१८ ने, हे आठवेना? ताशी किमीचा आकडा नेहमी मोठा असतो. सणस मैदानावर ४०० मीटरची फेरी ८० सेकंदांत मारली, तर सेकंदाला ५ मीटर, ताशी १८ किमी.

आणि ही झाली चाल. वेगात मात्र सुरुवातीच्या जागेपासून शेवटी किती सरकलात तेवढंच धरतात. त्यामुळे त्याच फेरीचा सरासरी वेग विचारला तर उत्तर शून्य, कारण निघालात तिथेच येऊन थांबलात.