अंगणातल्या गुलाबाची कीड आणि रोग: घरच्या घरी कसं सांभाळाल?

वावरात पऱ्हाटीवर, म्हणजे कापसावर, फवारणी झाली आणि पंपात थोडं औषध उरलं की घरी आल्यावर ते अंगणातल्या गुलाबावर मारून मोकळं व्हायचं, ही सवय आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. आमच्याही घरी होती. बाकी काही जमलं नाही तरी चालेल, पण ही सवय आजच सोडा. त्या झाडापाशी लेकरं खेळतात, त्याचं फूल देव्हाऱ्यात जातं, पाकळ्यांचा गुलकंद होतो. शिवाय अशा फवाऱ्यानं गुलाब सुधारतही नाही. कापसाच्या बऱ्याच कीटकनाशकांनी आधी मित्रकीटक मरतात, आणि त्यांच्या पोटात जाणारा लाल कोळी (पानाखाली राहणारी अगदी बारीक कीड) मोकाट सुटतो. चार-पाच झाडांना साधं पाणी, निंबोळी, एक धारदार कात्री आणि रोजची पाच मिनिटं पुरतात.

१. आधी पान उलटून पाहा

सकाळी सडा टाकायला बाहेर याल तेव्हा झाडापाशी थांबा. कोवळा शेंडा, कळीचं देठ आणि पानाची खालची बाजू, एवढं तीनच ठिकाणी पाहायचं. कीड वरून क्वचितच दिसते, तिचं घर पानाखाली असतं.

कोणत्या दिवसांत काय शोधायचं हे ठरलेलं आहे. मृगाचा पाऊस पडला की भुंगेरे रात्री येऊन पानं कुरतडतात. श्रावण-भाद्रपदात काळे ठिपके येतात. दिवाळीनंतर थंडी पडली की भुरी आणि मावा, आणि होळीपासून पुढे फुलकिडे व लाल कोळी.

पानाच्या कडेचे वाटोळे, कंपासनं आखून कापल्यासारखे तुकडे गेलेले दिसले तर काहीच करू नका. ती पानं कापणारी मधमाशी आहे, घरट्यासाठी तुकडे नेते. झाडाचं त्यात नुकसान नाही.

२. पाणी बुडाशी आणि सकाळी

आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. गुलाबाला दोन्ही सोसत नाही. खड्ड्यातल्या मातीत चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू किंवा बारीक मुरूम मिसळा, आळं जमिनीपेक्षा जरा उंच ठेवा आणि झाडाला निदान पाच-सहा तास ऊन मिळू द्या. मुळं पाण्यात बसलेलं झाड कोणत्याही औषधानं वाचत नाही.

कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी गुलाबाला घालू नका. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे ते पाणी दिवसेंदिवस खारट होत जातं. पानांच्या कडा जळाल्या की लोक रोग समजून औषध आणायला धावतात.

३. मावा पाण्यानं पाडा

हिरवा मावा कोवळ्या शेंड्यावर आणि कळीच्या देठावर गर्दी करतो. रस शोषतो, पानं चिकट होतात, त्या चिकट्यावर पुढे काळी बुरशी चढते. मुंग्यांची रांग झाडावर चढताना दिसली तर वर मावा किंवा पिठ्या ढेकूण असणार हे धरून चाला. गोड रसासाठी मुंग्या त्यांना राखतात.

शेंडा एका हातानं धरा आणि पंपानं साध्या पाण्याचा जोरदार फवारा मारा. खाली पडलेला मावा सहसा परत वर चढत नाही. तीन दिवस सलग केलं तर बहुतेक वेळा तेवढ्यानंच भागतं. तरी उरला तर लिटरभर पाण्यात भांडी घासायचं पातळ साबण पाच मिली मिसळून संध्याकाळी फवारा आणि सकाळी झाड साध्या पाण्यानं धुवा. मावा साबणात भिजला तरच मरतो, म्हणून नुसतं वरून शिंपडून उपयोग नाही.

पंपाविषयी एक गोष्ट कळकळीनं सांगते. तणनाशक मारलेला पंप गुलाबाजवळ आणू नका. मी एकदा शेजाऱ्यांकडून पंप मागून आणला, नुसता पाण्यानं विसळला आणि फवारला. दहा-बारा दिवसांत नवी पानं दोरीसारखी अरुंद आणि पिळवटलेली निघाली. मी महिनाभर रोगावर उपाय करत बसले, नंतर कळलं की पंपात टू-फोर-डी हे तणनाशक होतं. पऱ्हाटीवर त्याचा परिणाम पाहिलेला माणूस ते पान लगेच ओळखेल. पन्नास-शंभर रुपयांचा हातातला फवारा वेगळा ठेवा, त्यात तणनाशक कधीच जाऊ देऊ नका.

माव्याच्या गर्दीत काळपट, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या पिल्लासारखी छोटी अळी फिरताना दिसली तर हात आवरा. ती ढालकिड्याची अळी आहे. दिसायला ओंगळ, पण मावा खाऊनच मोठी होते. ती दिसली त्या झाडावर आठवडाभर काही फवारू नका.

४. लाल कोळी: उन्हाळ्याचं खरं दुखणं

आपल्याकडे गुलाब जातो तो बहुतेक याच्यामुळे. चैत्र-वैशाखात पारा चढला, हवा कोरडी पडली की कोळ्याची पिढी आठवड्याभरात तयार होते. सुरुवातीला पान नुसतं फिकट दिसतं, त्यावर रवा सांडल्यासारखे पांढुरके बारीक ठिपके. मग पान तांबूस पडतं, शेवटी गळतं. घरचे म्हणतात, उन्हानं वाळलं.

खात्री करायची तर झाडाच्या खालच्या भागातलं एक फिकट पान कोऱ्या कागदावर धरून टिचकी मारा. कागदावर धूळ पडेल. अर्धं मिनिट वाट पाहा. त्यातले काही कण चालायला लागतील. पान उजेडाकडे धरलंत तर शिरांच्या बेचक्यात कोळिष्टकाचा अगदी पातळ पडदाही दिसतो. कोळी हा कीटक नाही, त्याला आठ पाय असतात, म्हणून मावा-तुडतुड्यांची नेहमीची औषधं त्याच्यावर लागू पडत नाहीत.

त्याला ओलावा आवडत नाही, आणि हीच त्याची दुखरी नस आहे. एक दिवसाआड सकाळी लवकर पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा फवारा मारा, दोन आठवडे चुकवू नका. खालची जास्त लागण झालेली पानं तोडून जाळा. दुपारी बारा ते चार हिरव्या जाळीची सावली द्या आणि बुडाशी तुरीचं कुटार किंवा वाळलेला पाला दोन-तीन बोटं जाड पसरा. तहानलेल्या झाडावर कोळी जास्त माजतो.

५. निंबोळी अर्क

जून-जुलैत कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. गर काढून, धुऊन, सावलीत वाळवून बारदान्यात ठेवा. वर्षापेक्षा जुनी निंबोळी वापरू नका, तिचा जोर कमी होतो.

पाच टक्के अर्क म्हणजे शंभर लिटरला पाच किलो, हे कापूसवाल्यांना पाठ असतं. घरच्या झाडांसाठी लिटरला ५० ग्रॅम. निंबोळी कुटून जाडसर भुकटी करा, सुती फडक्यात सैल बांधा आणि अर्धा लिटर पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी पुरचुंडी पाण्यात बुडवून पिळत राहा, पाणी पांढरट दुधाळ निघेल. निघेनासं झालं की गाळा, एकूण लिटरभर करा, दोन ग्रॅम कपडे धुण्याची पावडर घाला. दिवस मावळताना फवारा, कारण उन्हात निंबोळीचा गुण लवकर उडतो. केलेला अर्क त्याच दिवशी संपवा.

दुसऱ्या दिवशी किडी मेलेल्या शोधू नका. निंबोळी कीड लगेच मारत नाही. तिचं खाणं आणि वाढ बंद करते. सात-आठ दिवसांच्या अंतरानं दोन-तीन फवारण्या झाल्या की फरक दिसतो. मावा, फुलकिडे, कोवळी अळी, सगळ्यांना उपयोगी.

फुलकिड्यांची ओळख सोपी आहे. घरामागे मिरची असेल तर तिचा चुरडा-मुरडा, म्हणजे पानं आकसून वळणं, पाहिलाच असेल, त्यातला एक फुलकिडा गुलाबावरही येतो. कळी वाकडी उमलते, पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात. अशा कळ्या खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा आणि मिरची व गुलाब शेजारी लावू नका.

६. काळे ठिपके आणि भुरी: दोन रोग, दोन स्वभाव

लोक या दोघांना एकच उपाय करतात आणि फसतात.

काळ्या ठिपक्यांची बुरशी ओल्या पानावर रुजते. पान सहा-सात तास सलग ओलं राहिलं की तिचं काम झालं. झडीच्या दिवसांत पानावर झालरीसारख्या कडेचे काळे डाग पडतात, भोवती पान पिवळं होतं आणि गळतं. म्हणून पावसाळ्यात वरून पाणी नको, संध्याकाळी तर नकोच. डाग पडलेलं पान दिसताच तोडा, खाली गळालेलं वेचा, दोन्ही जाळा. खताच्या खड्ड्यात टाकू नका. झाडांत दोन-अडीच फुटांचं अंतर ठेवा, आतल्या दाटीच्या फांद्या काढा, वारा खेळला की पान लवकर सुकतं. दर वर्षी फार त्रास होत असेल तर पाऊस उघडल्यावर मॅन्कोझेब लिटरला दोन ग्रॅम, दहा दिवसांनी पुन्हा. हे निरोगी पानाला वाचवतं, डाग पडलेलं पान बरं करत नाही.

भुरीला ओलं पान लागतच नाही. थंड रात्री आणि कोरडे दिवस, म्हणजे आपला मार्गशीर्ष-पौष, हा तिचा हंगाम. कोवळ्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं, पानं वळतात, कळी उमलत नाही. इथे सकाळी उन्हात पानं धुतली तर उलट फायदा होतो. वाढली तर पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम फवारा. मात्र पारा ३२ अंशांच्या वर असेल तर गंधक नको, पानं करपतात. निंबोळी तेल फवारलं असेल तर त्यानंतर दोन आठवडे गंधक नको.

७. ऑक्टोबरची छाटणी

पाऊस संपून ऑक्टोबरच्या मध्यात छाटणी करा. मेलेल्या, आडव्या, काळ्या डागांच्या फांद्या आधी काढा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरपा काप घ्या. कापलेला गाभा पांढरा-हिरवट हवा. तपकिरी दिसला तर अजून खाली कापा, कारण फांदीमर, म्हणजे शेंड्याकडून फांदी वाळत जाण्याचा रोग, त्या तपकिरीतूनच खाली उतरते. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटनं पुसा.

कापावर बोर्डो मलम लावा. मोरचूद १० ग्रॅम आणि कळीचा चुना १० ग्रॅम, दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या वाटीत प्रत्येकी ५० मिली पाण्यात विरघळवा, मग एकत्र ओता. स्वच्छ लोखंडी खिळा त्यात बुडवा. खिळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, चिमूटभर वाढवा. नर्सरीच्या कलमी झाडावर जोडाच्या खालून फूट निघाली तर ती मुळापासून ओढून काढा, ती रानटी खुंटाची असते.

८. उरलेल्या किडी

पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावून पुसा, आणि जास्वंद व आसपासचं गाजरगवतही तपासा, तो बहुधा तिथूनच येतो. फांदीला चिकटलेले खवले जुन्या दातघासणीच्या ब्रशनं साबणपाण्यात खरवडा. भुंगेरे रात्री बॅटरी घेऊन वेचा. वाळवी कच्च्या शेणखतावर आणि वाळक्या लाकडावर येते, दोन्ही बुडाशी ठेवू नका.

९. औषध मारावंच लागलं तर

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती माणसं आपल्यातलीच होती. अंगणातलं झाड छोटं असलं तरी औषध तेच असतं. डबीवर गुलाबाचं नाव आणि प्रमाण वाचल्याशिवाय घेऊ नका, दोन औषधं एकत्र करू नका, सुट्टं बाटलीत आणू नका. तोंडाला फडकं, हातात मोजे, पूर्ण बाह्या, वाऱ्याकडे पाठ. मधमाश्या फुलांवर असताना फवारणी नाही. लेकरं, कोंबड्या, पाण्याचा माठ आधी दूर हलवा. नंतर अंग आणि कपडे साबणानं धुवा, रिकामी डबी पाणी प्यायला किंवा तेल ठेवायला वापरू नका. आणि ज्या झाडावर रासायनिक औषध मारलं, त्याची फुलं गुलकंदासाठी घेऊ नका. गुलकंदाचा गावरान गुलाब वेगळ्या कोपऱ्यात लावा, आणि त्याला पाणी व निंबोळी यांखेरीज काहीच देऊ नका.