रिमोट विंडो उघडत नाही? आधी डिस्प्ले पाहा

एसएसएचने (दूरच्या संगणकावर सुरक्षित लॉगिन करण्याचं साधन) सर्व्हरवर लॉगिन नीट होतं, पण ग्राफिकल प्रोग्रॅम सुरू केला की ‘कान्ट ओपन डिस्प्ले’ येतं. सेटिंग्ज चाळत बसण्याआधी सर्व्हरवर ‘एको’ने डिस्प्ले व्हेरिएबल (विंडो कोणत्या स्क्रीनवर उघडायची ते सांगणारी नोंद) छापून बघा.

१. रिकामं आलं, तर फॉरवर्डिंग, म्हणजे सर्व्हरवरची विंडो तुमच्या स्क्रीनवर पाठवणं, सुरूच झालेलं नाही. सर्व्हरवर ‘एक्सऑथ’ (विंडो उघडायची परवानगी सांभाळणारा प्रोग्रॅम) आहे का पाहा. मिनिमल इन्स्टॉलेशनमध्ये बऱ्याचदा तेच नसतं. एसएसएचडीच्या (एसएसएचचा सर्व्हरवर चालणारा भाग) कॉन्फिग फाइलीत ‘एक्स११फॉरवर्डिंग येस’ करा, सर्व्हिस रीस्टार्ट करा, बाहेर पडून एसएसएच कमांडला कॅपिटल ‘एक्स’ हा पर्याय देऊन परत लॉगिन करा. (स्मॉल ‘एक्स’ नेमकं उलटं करतो, फॉरवर्डिंग बंद!) व्हेरिएबल हाताने भरू नका, ते एसएसएचच भरतं.

२. ‘लोकलहोस्ट:१०.०’ असं काही दिसलं, तरी विंडो नाही? होम डिरेक्टरीची डिस्क भरली असेल, तर एक्सऑथॉरिटी फाइलीत कुकी (विंडो उघडायच्या परवानगीची किल्ली) लिहिली जात नाही आणि जोडणी नाकारली जाते. फक्त सुडोनंतरच (रूट, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिन म्हणून प्रोग्रॅम चालवल्यावर) अडत असेल, तर रूटला ती कुकी मिळत नाहीये.

कॅपिटल ‘एक्स’ऐवजी कॅपिटल ‘वाय’ने पुष्कळदा काम होतं, पण तो विश्वासाच्या सर्व्हरलाच द्या: तिथला प्रोग्रॅम तुमच्या इतर विंडोंमधलं टायपिंगही वाचू शकतो.